वीसपर्यंत मोजायचं

लेक सहा महिन्यांची होईपर्यंत जी बाई भेटेल ती विचारायची, "अंगावर पाजतेस ना?" हो म्हटलं की तिचा चेहरा निवायचा. लेकीला वर्ष पूर्ण झालं आणि त्याच बायका विचारायला लागल्या, "अजून पाजतेस?" 'ना' गेला आणि 'अजून' आला. मधल्या काळात नेमकं काय बदललं हे मी पुष्कळ दिवस शोधत होते. दूध तेच, पिणारी तीच. तिला सात दात आले होते आणि ती भिंत सोडून चालायला लागली होती, एवढंच.

मी तिला दोन वर्षं अकरा महिने पाजलं. असं काही ठरवलेलं नव्हतं. बाळंतपणानंतरचे पहिले पंधरा दिवस तर आजचा दिवस निभावला तरी पुष्कळ, अशी अवस्था होती. चिरा पडलेल्या, बाळाने तोंड लावलं की पायाचे अंगठे आवळले जायचे, आणि छाती अशी दगड झालेली की पदराचा भार सोसवत नव्हता. आई शेजारी बसून कढत पाण्यातून पिळलेल्या पंचाने शेकत राहायची. मग एका पहाटे बाळाने तोंड नीट मोठं उघडून पकडलं, हनुवटी टेकली, आणि दुखलं नाही. घोट गिळल्याचा बारीक आवाज आला, मग दुसरा. आई आणि मी एकमेकींकडे बघत तो आवाज ऐकत बसलो. इतक्या कष्टाने जमलेली गोष्ट सुरळीत चालू असताना बंद का करायची, हे पुढे मला कुणी पटेल असं सांगू शकलं नाही.

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, हे दवाखान्यातल्या पोस्टरवरचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या पुढचा भाग फारसा कुणी वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ, दोघांचंही म्हणणं असं आहे की सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू करावं आणि त्याच्या जोडीने दोन वर्षं किंवा त्यापुढेही अंगावर पाजत राहावं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना आधी वर्षभराचं बोलायची, तिनेही २०२२ साली दोन वर्षं आणि पुढे, आई आणि मूल दोघांना हवं तोवर, असं म्हटलं. पण शेजारच्या काकूंचं मत ठाम होतं: "वर्षानंतर त्या दुधात काही राहत नाही गं, नुसतं पाणी." हे इतक्यांदा कानावर आलं की एकदा आमच्या बालरोगतज्ज्ञांना मी विचारलंच. दुसऱ्या वर्षातही मुलाला लागणाऱ्या उष्मांकांपैकी जवळपास एक तृतीयांश अंगावरच्या दुधातून मिळू शकतात, त्यांनी सांगितलं. जंतूंशी लढणारा लायसोझाइमसारखा घटक तर या काळात दुधात वाढत जातो. मी ते काकूंना जाऊन सांगितलं नाही. मला स्वतःलाच ते ऐकायचं होतं.

माझी आजी, आईची आई, पाटण तालुक्यातल्या डोंगरातली. तिची सात बाळंतपणं घरातच झाली. "तुम्ही किती दिवस पाजायचात गं?" असं विचारलं तर तिला प्रश्नच नीट कळला नाही. "किती दिवस म्हंजे? पुढचं पोर पोटात येईस्तोवर." धाकट्या मामाच्या मागे कुणी आलंच नाही, म्हणून तो शाळेत जायला लागला तरी पीत होता. शाळेतून आला की पाटी ओसरीवर टाकायचा आणि तिच्या पदराखाली शिरायचा. कुणाला त्याचं नवल वाटलं नव्हतं.

हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं. आपल्याच घरात हे होतं, मी काही जगावेगळं करत नाहीये. मग त्याच दुपारी, तांदूळ निवडता निवडता, आजीने चौथीचं सांगितलं. चौथी नऊ महिन्यांची असताना पाचव्याची चाहूल लागली आणि गरोदर बाईचं दूध पोराला बाधतं म्हणून सासूने तिला अंगावरून तोडलं. घरात दूध नव्हतं, डाळ महाग, नाचणीची पातळ आंबील हेच वरचं अन्न. "सुकत गेली," आजी म्हणाली, "पोट तेवढं राहिलं." आणि सुपातला खडा उचलून बाजूला टाकला.

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात सुकटी आणि सुजवटी असे दोन आजार पाठ केले होते. सुजवटीचं इंग्रजीतलं नाव क्वाशिओरकर. हा शब्द मुळात घानामधल्या गा भाषेतला आहे, आणि दुसरं बाळ आल्यावर आधीच्या बाळाला होणारा आजार असा त्याचा अर्थ. सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरबाई १९३०च्या दशकात तिथे काम करत होत्या, त्यांनी तिथल्या आयांच्या तोंडचा हा शब्द तसाच वैद्यकशास्त्रात आणला. तोडलेल्या पोराचं काय होतं हे घानातल्या आयांना ठाऊक होतं आणि पाटणच्या डोंगरातल्या बाईलाही. तेव्हापासून 'पूर्वी बायका किती छान वर्षानुवर्षं पाजायच्या' असं वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. आजीच्या हातात काही नव्हतं. कधी सुरू करायचं, कधी थांबायचं, हे तिचं पोट ठरवायचं, सासू ठरवायची. माझ्यापुढे निदान प्रश्न तरी होता.

आईची गोष्ट या दोघींच्या मधली. माझा जन्म ऐंशीच्या दशकातला, डब्यांच्या पावडरीच्या भरात. डब्यावर गुबगुबीत बाळ असायचं आणि शहरातलं शिकलेलं घर म्हणजे तो डबा, असं समीकरण होतं. लहान बाळांच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात करायला बंदी घालणारा कायदा आला १९९२ साली. २००३ मध्ये तो आणखी कडक होऊन दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या खाण्याच्या जाहिरातीही त्यात आल्या. आईला या सगळ्याचा उपयोग नव्हता. मी चार महिन्यांची असताना तिला सांगण्यात आलं की तुझं दूध पुरत नाही, डबा सुरू कर.

माझी लेक दीड वर्षाची झाल्यापासून आई मला रोज म्हणायची, "आता पुरे. तुझे डोळे बघ किती खोल गेलेत." मी चिडायचे. एकदा रात्री अकराला लेक माझ्या कुशीत पीत होती, दिवा मालवलेला, आई पलीकडच्या गादीवर. मला वाटलं तिला झोप लागली. अंधारातच ती म्हणाली, "तुला मी चार महिन्यांत तोडलं. पुरत नाही म्हणाले होते. पुरत असेल का गं?"

मी नुसता हात लांब करून तिचा हात धरला. त्यानंतर 'पुरे' म्हणणं तिने सोडलं नाही, पण माझं चिडणं थांबलं.

मला सोपं गेलं असं कुणाला वाटू नये म्हणून नोकरीचं सांगते. बाळंतपणाची रजा २०१७ पासून २६ आठवड्यांची झाली, तेवढी मिळाली. सातव्या महिन्यात मी कामावर रुजू झाले. दूध काढण्यासाठी जागा मागितली तेव्हा मला जुन्या फायलींची खोली दाखवण्यात आली. कडी आतून लागत नव्हती, मी खुर्ची दाराला लावून बसायचे. काढलेलं दूध खोलीत चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं असं वाचलेलं, पण उन्हाळ्यातल्या त्या खोलीवर कोण भरवसा ठेवणार? बर्फाच्या पिशवीत डबी, डबीवर वेळ लिहिलेली चिठ्ठी, आणि ती पिशवी ऑफिसच्या फ्रिजमध्ये लोकांच्या ताकाच्या बाटल्यांमागे. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला पाजण्यासाठी दिवसातून दोन जादा विश्रांती द्याव्यात, असं १९६१च्या मूळ कायद्यातच होतं. हे मला कळलं तेव्हा लेक चौदा महिन्यांची होती. वरिष्ठ म्हणाले, "आजवर कुणी मागितलंच नव्हतं." ते खरं बोलत होते, आणि म्हणूनच मला वाईट वाटलं. माझ्याआधी तिथे किती जणी बाळंत होऊन आल्या असतील! दोन वर्षं पाजा म्हणणारी शिफारस आणि पंधरा महिन्यांवर थांबणारा कायदा यांच्यातले नऊ महिने प्रत्येक आईने आपापल्या पदराने झाकायचे, असा हा हिशेब आहे. तो मला आजही मान्य नाही.

चौदाव्या महिन्यातच गाठ झाली. सकाळी उजव्या बाजूला लालसर चट्टा, दुपारी १०३ ताप, हाडं कडकडायला लागली. ज्या दवाखान्यात गेले तिथे गोळ्या मिळाल्या आणि ताबडतोब पाजणं बंद करा असा सल्ला. घरी आले, छाती फुटेल असं दुखत होतं. रात्री लेकीने उठून मागितलं आणि मी रडत रडत दिलं. तासाभरात ठणका निम्मा झाला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरबाईंनी सांगितलं की अशा वेळी एकाएकी बंद करणं हेच सगळ्यात वाईट, साचलेलं दूध निघत राहिलं पाहिजे, आणि दिलेलं औषध चालू असतानाही पाजायला हरकत नाही. एवढी साधी गोष्ट. त्या एका रात्रीत माझं पाजणं कायमचं संपलं असतं.

अठराव्या महिन्यात मात्र चूक माझी होती. लेकीचं हिमोग्लोबिन निघालं ९.४. या वयात ११ तरी हवं. डॉक्टरांनी दिवसभराचं खाणं विचारलं आणि मी सांगताना माझ्याच लक्षात आलं की ती जेवतच नाहीये. वरणभाताचे तीन घास, की मान वळवून माझ्या कुडत्याशी. मला ते गोड वाटत होतं, सोयीचंही. अंगावरच्या दुधात लोह फार थोडं असतं. पहिले सहा महिने बाळाला जन्मतः मिळालेला साठा पुरतो, पुढे ते जेवणातूनच यावं लागतं. डॉक्टर रागावले नाहीत. "आधी घास, मग दूध," एवढंच म्हणाले आणि थेंब लिहून दिले. आमच्या घरात ते पुढे ब्रीदवाक्यच झालं. सासूबाईंनी नाचणीचं सत्त्व, मुगाचं घट्ट कढण, खजूर, अंड्याचा बलक असा आपला मोर्चा उघडला. तीन महिन्यांनी आकडा ११.२ झाला. जास्त दिवस पाजणाऱ्या आयांना मी सगळ्यात आधी हेच सांगते, कारण त्या प्रेमात मलाही दिसेनासं झालं होतं.

आणि रात्री. रात्रींबद्दल बायका एकमेकींशीसुद्धा खरं बोलत नाहीत. दोन वर्षांची मुलगी रात्रीतून चार वेळा उठते, एकीकडे पिते आणि दुसऱ्या बाजूला बोटांचा चाळा करत राहते. तो चाळा मला सोसायचा नाही. दिवसभर ऑफिस, मग स्वयंपाक, मग ही चिमटी. काही वेळा माझ्या अंगावर काटा यायचा, तिला उचलून लांब ठेवावंसं वाटायचं. नवऱ्याने नुसता खांद्यावर हात ठेवला तरी मी झटकायचे. ज्या लेकरासाठी जीव टाकते त्याचाच स्पर्श नको वाटतो, या विचाराने मी अंधारात गारठून जायचे. असं होतं, पुष्कळ जणींना होतं, हे मला फार उशिरा कळलं. गळ्यात मण्यांची माळ घातली आणि तिचा हात त्या माळेवर नेऊन ठेवायला लागले, तेव्हा थोडा श्वास घेता आला.

मग इतकी ओढाताण कशासाठी, असं जाऊ विचारायची. तिला स्वतःला दूध आलं नव्हतं, तिचा मुलगा वरच्या दुधावरच वाढला आणि छान वाढला, म्हणून तिच्या प्रश्नात खोच नव्हती. मला तिला उत्तर देता आलं ते लेक दोन वर्षं दोन महिन्यांची असताना. पावसाळ्यात तिला उलट्या-जुलाब सुरू झाले. साखर-मिठाचं पाणी चमच्याने पाजलं की उलटून पडायचं, पेज दिसली की तोंड घट्ट मिटायची. डोळे आत गेलेले, ओठांवर सालपटं. सलाइन लावायचं का, यावर डॉक्टर रात्रीपर्यंत थांबू म्हणाले. त्या दिवशी ती माझ्या अंगाला चिकटून होती, दर वीस मिनिटांनी थोडी प्यायची, झोपायची, पुन्हा प्यायची. पोटात राहिलं ते एवढंच, आणि संध्याकाळी त्याच्याच मागोमाग साखर-मिठाचं पाणीही राहायला लागलं. रात्री नऊला तिला लघवी झाली. ती ओली चादर मी जावेपुढे धरली आणि आम्ही दोघी रडलो.

दोन वर्षांनंतरच्या पाजण्यात एक गोष्ट अशी येते जी तान्ह्या बाळाबरोबर येऊच शकत नाही. मूल बोलतं. पिता पिता थांबून वर बघून सांगतं. ती एकदा म्हणाली, "आई, या दुदूत गूळ आहे." दुसऱ्यांदा डावीकडे बोट दाखवून, "यातलं संपलं, कारखाना बंद." आणि एकदा, मी ऑफिसातलं काहीतरी मनात घोळवत बसलेले असताना, तोंड बाजूला करून तिने माझ्या गालावर हात ठेवला आणि विचारलं, "तू कुठे गेलीस?" दूध देणारी मी आणि घेणारी ती, इतका सरळ व्यवहार तो उरलाच नव्हता.

पण बोलणारं मूल चारचौघांत मागतंही. दर शनिवारी आम्ही पुण्याहून साताऱ्याला एसटीने जायचो. एका स्टँडवर तिने "दुदू पाहिजे" म्हणून हात ओढला, तेव्हा मी तिला हिरकणी कक्षात घेऊन गेले. आत एक तरुण बाई, मांडीवर महिनाभराचं तान्हं. तिची सासू माझ्या लेकीकडे, तिच्या बुटांकडे, वेणीकडे बघून म्हणाली, "एवढी घोडी पिती? लाज नाही वाटत गं?" लेक ओठ काढून माझ्याकडे बघायला लागली. मला बोलायचं होतं पुष्कळ. त्या खोलीला जिचं नाव दिलंय ती रायगडाखालची गवळण, कोजागरीच्या रात्री गडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेली असं सांगतात, आणि महाराजांनी त्या कड्यावर बुरूज बांधला. ते बाळ किती महिन्यांचं होतं हे आपण कधी विचारलं आहे का? पण मी यातलं काही बोलले नाही. लेकीला मांडीवर घेतलं आणि पाजलं. ती तरुण बाई खाली मान घालून होती. निघताना तिने सासूची नजर चुकवून मला हळूच विचारलं, "दुखायचं कधी थांबतं हो ताई?" मी तिच्याजवळ बसले, बाळाची हनुवटी कशी टेकवायची ते दाखवलं. आमची गाडी चुकली.

थांबवायची वेळ आली तेव्हा ती माझ्याच अंगाने सांगितली. मी थकले होते. आईने कोरफड आणली, कुणी कडुनिंब सुचवला, एका बाईने तर तिखट. तिखटाचं नाव काढू नका म्हटलं, कोरफड लावली. लेकीने तोंड लावलं आणि चेहरा वेडावाकडा केला. मला वाटलं रडेल. ती उठून स्वयंपाकघरात गेली, ओट्यावरचं ओलं फडकं घेऊन आली आणि हलक्या हाताने पुसायला लागली. "दुदूला बाऊ झाला? मी पुसते हं." दोन्ही बाजू पुसून झाल्यावर फुंकरही घातली.

त्यानंतर तिला फसवायचं नाही, एवढं मी ठरवलं. आपणहून द्यायचं नाही, मागितलं तर नाही म्हणायचं नाही, पण वीसपर्यंत मोजायचं. मी मोजायचे, वीस झाले की ती सोडायची. पहिले काही दिवस अठरावर आल्यावर तिचे डोळे भरायचे. मी हळू मोजायला लागले. मग ती स्वतःच तोंडात धरून मोजायला लागली, "ए... दो... ती...", दुधात भिजलेले आकडे. तेरा चौदा नेहमी गाळायची. ती पहिल्यांदा वीसपर्यंत मोजायला शिकली ते असं. मग फक्त रात्रीचं राहिलं, मग एक रात्र आड. जूनमधल्या एका रात्री तिने मागितलं, सातपर्यंत मोजलं, सोडलं, आणि "झालं" म्हणून कुशीवर वळली. ते शेवटचं होतं हे मला आठवडाभराने लक्षात आलं. छाती दोन दिवस जड होती. तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना पाण्यात दोन थेंब मिसळले, आणि मी नळ चालू ठेवून तशीच उभी राहिले.

आता ती साडेचार वर्षांची आहे. मागच्या महिन्यात त्याच स्टँडवर गाडीची वाट बघत होतो. तिला अक्षरं वाचायचा नाद लागलाय, पाट्या वाचत फिरते. त्या दारापाशी थांबून तिने बोट फिरवत वाचलं, "हि... र... क... णी."

"इथे आपण यायचो," मी म्हणाले.

"कशाला?"

"तुला दुदू प्यायला."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी दुसऱ्याच कुणा मुलीचं सांगते आहे. काहीसुद्धा आठवत नव्हतं तिला. मग दार ढकलून आत डोकावली. आत कोपऱ्यात एक बाई भिंतीकडे तोंड करून बसली होती, मांडीवर झबलं घातलेलं बाळ. लेकीने दार दोन्ही हातांनी, आवाज होऊ न देता, ओढून घेतलं आणि ओठांवर बोट ठेवून मला म्हणाली, "शू. बाळ पितंय."

गाडी लागेपर्यंत ती त्या दारासमोर उभी होती. एक माणूस मोबाइलवर मोठ्याने बोलत तिकडून आला, तेव्हा तिने त्यालाही हाताने लांबून जायला सांगितलं.